तिसऱ्या मजल्यावरचं मागचं घर

४ जानेवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

पैशाचं मागणं कागदावर आणि उत्तर एक रात्र झोपून, हा बाबांचा नियम मोडून मी मागच्या वेळी फोन केला आणि आपण दोघांनी एकमेकांवर फोन आपटले. म्हणून हे पत्र.

माझ्या कामाची पद्धत तुला दहादा सांगितली आणि दहादा तू म्हणालीस, "डोक्यावरून गेलं." आता अकराव्यांदा. मोडकळीला आलेलं घर शोधायचं. खासगी फायनान्सवाल्याचे महागडे पैसे उचलून ते घ्यायचं, कारण तेच पटकन मिळतात. घर दुरुस्त करायचं, भाड्यानं द्यायचं. मग त्या भरलेल्या घरावर स्वस्तातलं, लांब मुदतीचं कर्ज काढून फायनान्सवाल्याला मोकळं करायचं आणि उरलेल्यात पुढचं घर बघायचं. असं करत सहा घरं झाली. गेल्या वर्षी मात्र मी एकदम अख्खी इमारत घेतली. आठ घरं. घेतली तेव्हा जिन्याला कठडासुद्धा नव्हता.

आता गाडं अडलंय. बँकेनं नाही म्हटलं. नोकरी सोडल्यापासून माझ्याकडे पगाराची चिठ्ठी नाही आणि कर वाचावा म्हणून दरवर्षी मी इतके खर्च दाखवत आलो की बँकेतले साहेब कागद बघून म्हणाले, "एवढ्यात तुम्ही जेवता कसे?" आता एक कर्ज कंपनी तयार आहे. ती माझी कमाई बघत नाही, इमारतीचं भाडं हप्त्याला पुरतं का एवढंच बघते. पण त्यासाठी आठही घरं भाड्यानं गेलेली हवीत. सात गेली आहेत. तिसऱ्या मजल्यावरचं मागचं रिकामं आहे. फायनान्सवाल्याची मुदत ३१ मार्चला संपते आणि ती वाढवायला तो तयार नाही. तोवर नवं कर्ज झालं नाही, तर इमारत त्याची.

त्या घराचा भाडेकरार तुझ्या नावानं करू दे. फक्त कागदावर. तुला यायचं नाही, भाडं द्यायचं नाही. एक सही. तुझं आडनाव सासरचं, कुणाला शंका यायची नाही.

तुझा,
ढब्बू


९ जानेवारी

चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

एरवी तू "तुझा भाऊ" अशी सही करतोस. "ढब्बू" लिहिलंस तिथंच कळलं की पाणी गळ्याशी आलंय.

नियमाप्रमाणे एक रात्र झोपायचं होतं. झोप लागली नाही, पण रात्र गेली. उत्तर नाही असं आहे.

मी तीस वर्षं दुकानादुकानांतून वजनं-मापं तपासत फिरले. तराजूखाली चुंबक लावणारा प्रत्येक दुकानदार मला हेच म्हणायचा, "बाई, एवढंसं तर आहे, एक शिक्का मारा." मी मारला नाही. आता निवृत्त झाल्यावर सख्ख्या भावासाठी मारू? जिथं मी राहत नाही, तिथं राहते असं लिहून सही करू?

आणि मला सांग, सात घरांना भाडेकरू मिळाले, आठव्याला का नाही? लोक बघायला येतात का? येत असतील तर काय म्हणतात?

दुसरं, फायनान्सवाल्याकडे तारण इमारतच आहे ना? की अजून काही? हे सरळ लिही.

तुझी,
ताई


१३ जानेवारी

ताईस,

लोक येतात, बघतात, जातात. मागच्या बाजूला ऊन नाही, म्हणून असेल. तारण इमारतच आहे.

तू तपासनीस होतीस, ठाऊक आहे मला. पण मी चुंबक लावत नाही. दोन-तीन महिन्यांत खरा भाडेकरू मिळेलच, तोवर एका जागी एक नाव हवं. ह्यात कुणाचं काय बुडतं?

खरं सांगू? तू जन्मभर भाड्याच्या घरात राहिलीस. एक तारखेला पैसे मोजून द्यायचे आणि दार लावून घ्यायचं. छत गळलं तर मालकीणबाई बघतील. ते छत ज्याच्या नावावर असतं त्याची रात्र कशी जाते, ते तुला कळायचं नाही.

तुझा भाऊ


२० जानेवारी

चि. ढब्बूस,

खरं आहे, छत माझ्या नावावर कधीच नव्हतं.

तुझं पत्र आल्यावर एक नाही, चार रात्री झोपून हे लिहितेय. तुला आठव्या घरात एक भाडेकरू हवा आहे ना? मग मी येते. कागदावर नाही, सामानासकट. माझी पेन्शन तुझ्या भाड्याला पुरते, मी हिशेब केलाय. अनामत रकमेचा चेक सोबत जोडलाय. कराराची प्रत पाठव, मी वाचून सही करेन. मग ती सही खरी असेल आणि तुलाही कुणापुढे मान खाली घालावी लागणार नाही.

इथल्या घराची काळजी करू नकोस, त्याची व्यवस्था लागलेली आहे. मला एक पलंग, एक कपाट, शिलाई मशीन आणि पुस्तकांच्या तीन पेट्या एवढंच आणायचंय. टेम्पो मी ठरवते. तू पाठवलेल्या टेम्पोवाल्याशी तू घासाघीस करशील आणि तो माझं कपाट आपटेल.

ताई


२४ जानेवारी

ती. ताईस,

पत्र दोनदा वाचलं. बायकोला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "वन्सं आपल्यासाठी घरदार सोडून येतायत आणि तुम्ही अनामत घेताय?" चेक परत करणार होतो, पण कंपनीला अनामत बँकेत जमा झालेली दिसावी लागते. तेव्हा भरला. लाज वाटली, तरी भरला.

मागच्या पत्रात जे लिहिलं ते रागात. मनावर घेऊ नकोस. काम झालं की तू तुझ्या घरी परत जा, भाड्याची पै न् पै परत देईन. किल्ली तळमजल्यावर टॅक्सीवाल्यांच्या घरी ठेवली आहे. करार सोबत.

ढब्बू


११ फेब्रुवारी

रा. घरमालक यांस,

येऊन दोन आठवडे झाले. मालक एकदाही फिरकले नाहीत. एकाच गावात राहून टपालानं लिहायची वेळ आली. म्हणून रीतसर तक्रार.

न्हाणीघराला लागून असलेली खोलीतली भिंत ओली आहे. सुरुवातीला हाताला गार लागायची, आता रंगाला फुगे आलेत. बोटानं दाबलं की पोपडा हातात येतो. माझ्या पुस्तकांच्या पेट्या मी पलंगावर ठेवल्या आहेत आणि मी पलंगाच्या कडेला झोपते. समोरच्या बाईंनी सांगितलं, आधीचं कुटुंब ह्याच भिंतीमुळे गेलं. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही?" असं विचारत होत्या. मी म्हटलं, "मालक भिडस्त आहेत."

"मागच्या बाजूला ऊन नाही," हो ना ढब्बू?

भाडेकरू


१३ फेब्रुवारी

ताई,

उद्या रंगवाला पाठवतो. तो पापुद्रा खरवडून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात देईल. वाळलं की कपाट त्या भिंतीला लावून ठेव. महिनाअखेरीस कंपनीचा माणूस इमारत बघायला येणार आहे. तो जी किंमत लिहील तिच्यावर कर्ज ठरणार. तेवढं होऊ दे, मग भिंत फोडून नीट करतो. आत्ता फोडायची म्हणजे वरच्यांचं न्हाणीघरही उघडावं लागेल आणि माझ्या हातात सध्या फक्त फायनान्सवाल्याच्या व्याजाचे पैसे आहेत.

भिडस्त म्हणालीस त्याबद्दल आभार.

तुझा भाऊ


१९ फेब्रुवारी

ढब्बू,

रंगवाला येऊन गेला. भिंत दोन दिवस नवरीसारखी दिसली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा फुगली. ते मी सोसलं असतं. पण काल दिवा लावायला बटण दाबलं आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. बटणांचा बोर्ड त्याच भिंतीत आहे. खालच्या टॅक्सीवाल्यांना बोलावलं. त्यांनी मेन स्विच बंद केला, बोर्ड उघडला आणि आतून पाण्याचा थेंब पडला. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग थेंबाकडे. मी मेणबत्तीच्या उजेडात लिहितेय.

मी कपाट लावणार नाही. दुकानात शिरल्यावर मी सगळ्यात आधी तेच बघायचे, ह्यांनी पोतं कशासमोर ठेवलंय ते. आणि उद्या मी गेल्यावर इथं कुणी लहान मूल घेऊन राहायला आलं आणि त्या मुलानं बटण दाबलं, तर?

दुसरं. तुझी बायको आज दुपारी येऊन गेली. डबा आणला होता, पण खरं तर रडायला आली होती. तुम्ही राहता ते घरही फायनान्सवाल्याकडे तारण आहे म्हणे. मुलींच्या खोल्या, सगळं. "वन्सं, मला सही करताना हे म्हणाले, नुसती औपचारिकता आहे." मी तुला सरळ विचारलं होतं, ढब्बू. तू सरळ उत्तर दिलंस, पण खोटं.

ताई


२१ फेब्रुवारी

ताई,

हो. राहतं घरही आहे. इमारतीवर त्यानं पुरेसे पैसे दिले नसते. तुला सांगितलं असतं तर तू बाबांचा आवाज काढून बोलली असतीस, आणि त्या दिवसांत मला तो ऐकवला नसता.

आज प्लंबर येतोय, सोबत वायरमन. वरच्यांचं न्हाणीघर उघडून पाइपच बदलतो, तुझी भिंत फोडून नवीन बोर्ड दुसऱ्या भिंतीवर घेतो. व्याजाचे पैसे ह्यात गेले. फायनान्सवाल्याला सांगितलं, "व्याज मार्चअखेरीस मुद्दलासोबत देतो." तो म्हणाला, "द्या की. नाही दिलंत तर मला तुमच्या घराचा हॉल आवडलाय."

आता मन घट्ट करून वाच. कंपनीचा माणूस २८ तारखेला येतोय. ते भाडेकरूंना दोन-चार प्रश्न विचारतात. नातेवाइकाचं भाडं ते धरत नाहीत. मला हे पहिल्यापासून माहीत होतं. म्हणून आडनावाचं लिहिलं होतं. तू खरी भाडेकरू आहेस, खरं भाडं देतेस, खरी भांडतेस. तेव्हा नातं विचारलं तर एवढंच म्हण, "ओळखीतून घर मिळालं." हे काही खोटं नाही. माझं घर आता ह्या एका वाक्यावर आहे.

ढब्बू


१ मार्च

चि. ढब्बूस,

भिंत कोरडी झाली आहे. काल मी दुपारभर हात लावून बघत होते.

तुझा माणूस आला. तरुण आहे, बूट पायपुसण्यावर तीनदा पुसून आत आला. मोजमापं घेतली. नळ सोडून बघितला. नवा बोर्ड बघून म्हणाला, "इथं काम नुकतंच झालंय, चांगलं केलंय." मला बरं वाटलं. मग खुर्चीवर बसला, कागद मांडीवर घेतला आणि विचारायला लागला. भाडं किती, वेळेवर देता का, पावती मिळते का. सगळं खरं सांगितलं. तू शिकवलेलं वाक्य मी सकाळपासून पाठ करत होते. चहा गाळताना म्हणत होते, ओळखीतून मिळालं, ओळखीतून मिळालं.

त्यानं विचारलं, "मालकांना किती वर्षं ओळखता?"

मी म्हटलं, "ते जन्मले तेव्हापासून."

तोंडातून निघून गेलं बघ. त्याचं पेन थांबलं. मग तो हसला, मीही हसले आणि मग त्यानं ते लिहून घेतलं.

मी त्याला म्हणाले, "मी पूर्ण भाडं देते." तो म्हणाला, "आजी, तुम्ही देता हे दिसतंय, पण आमच्या रकान्यात बसत नाही."

शिव्या द्यायच्या असतील तर लिहूनच दे.

ताई


४ मार्च

ताईस,

शिव्या द्यायला वेळ नाही.

कंपनीनं कळवलं. इमारतीची किंमत चांगली लावली आहे. पण तुझ्या घराचं भाडं धरलं नाही, त्यामुळे कर्ज कमी बसतंय. फायनान्सवाल्याचं मुद्दल आणि थकलेलं व्याज फिटायला जेवढं लागतं, त्याच्या थोडंच अलीकडे. इतकं थोडं, की झोप लागत नाही. त्यांनी एक वाट ठेवली आहे. पंधरा तारखेपर्यंत त्या घरात परका भाडेकरू आला, अनामत बँकेत दिसली, तर पूर्ण रक्कम देतील.

परका भाडेकरू आहे. भिंत दुरुस्त झाल्यावर एक नवरा-बायको बघून गेले, दोघं शाळेत शिकवतात. लगेच यायला तयार आहेत.

तेव्हा तुला ते घर सोडावं लागेल. रविवारपर्यंत. तू एक वाक्य धड बोलली असतीस तर मला हे लिहावं लागलं नसतं. तुला तुझं घर आहेच तिकडे. माझ्या मुलींना दुसरं नाही.

तुझा भाऊ


५ मार्च

चि. ढब्बूस,

बरोबर आहे तुझं. रविवारी सकाळी किल्ली टॅक्सीवाल्यांकडे ठेवते. बोर्डाचं झाकण जरा सैल आहे, शिक्षक यायच्या आधी स्क्रू आवळून घे. कपाट आणि मशीन चार दिवस जिन्याखाली राहू दे, त्यांची सोय लागली की हलवेन.

मुलींना आशीर्वाद.

ताई


८ मार्च

ती. ताईस,

तू अजून तिसऱ्या मजल्यावर आहेस हे टॅक्सीवाल्यांनी सांगितलं, म्हणून हे पत्र त्यांच्याच हाती पाठवतोय. पेट्या बांधल्या असशील तर सोड.

तुझं पत्र वाचून वाटलं, राग आलाय ताईला, निदान तिचं घर तरी झाडून-पुसून ठेवावं. म्हणून काल आपल्या कामाच्या टेम्पोतूनच तुझ्या गावी गेलो. सहा तास. वाटेत तुझ्या आवडीचे केशरी पडदे घेतले. गल्लीत शिरलो आणि जिना सापडेना. जिना होता तिथं विटांचा ढीग होता. एक माणूस तुझ्या खोलीची खिडकी चौकटीसकट खांद्यावर घेऊन चालला होता.

मालकीणबाईंचा मुलगा भेटला. म्हणाला, "आईनं घर विकलं. बाईंना नोव्हेंबरातच कळवलं होतं. जानेवारीअखेर सोडायचं होतं. फार शोधलं त्यांनी, पण ह्या वयाच्या एकट्या बाईला कोण देतंय घर? मग म्हणाल्या, भावाकडे सोय झाली."

भावाकडे सोय झाली.

मी पडदे मांडीवर घेऊन टेम्पोत बसून राहिलो. टेम्पोवाला म्हणाला, "साहेब, काय भरायचंय?" मी म्हटलं, "काही नाही."

म्हणजे मी एका सहीसाठी विनवत होतो तेव्हा तू घर शोधत होतीस. तुझं छत जात होतं आणि मी तुला लिहिलं, छत ज्याच्या नावावर असतं त्याची रात्र तुला कळायची नाही. आणि तू त्यावर एक अक्षर बोलली नाहीस. मागायचं कागदावर ना गं? मग तू का नाही मागितलंस? मी समजत होतो तू माझ्यासाठी आलीस.

आज सकाळी मी दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. माझं पहिलं घर, कोपऱ्यावरचं, ज्याच्या फरश्या मी स्वतः बसवल्या, तिथं त्यांचा दवाखाना आहे. चार वर्षं ते घर विकत मागतायत आणि चार वर्षं मी हसून नाही म्हणतोय, कारण त्या भाड्यावर आमचं घर चालतं. आज मी हो म्हटलं. त्यांनी अर्धी रक्कम लगेच दिली. कंपनीचं कमी बसलेलं कर्ज आणि ही रक्कम मिळून फायनान्सवाल्याचं सगळं फिटतं. राहतं घर सुटेल. बायकोला सांगितलं, तर ती पहिल्यांदा रागावली नाही, पोळपाट बाजूला ठेवून खालीच बसली. आता पुढची इमारत वगैरे काही नाही. दोन वर्षं तरी असलेलीच घरं सांभाळायची. शिक्षकांना दुसरं घर बघून देईन.

पाच वर्षांचा करार सोबत आहे. भाडं निम्मं केलंय. सही कर.

ढब्बू


१० मार्च

चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

तुझ्यासाठी आले की माझ्यासाठी, हे मलाही नीट वेगळं करता येत नाही. मी तराजू तपासायचे, पण हे दोन पारड्यांत घालून बघायचं धाडस झालं नाही. मागितलं नाही, कारण मागितलं असतं तर तू दया म्हणून ठेवून घेतलं असतंस. भाडेकरू म्हणून आले तर दाराला आतून कडी माझी.

बाबांचा कागदाचा नियम आता मलाही लागू. ह्यापुढे मीही लिहून मागेन. आजपासूनच सुरुवात करते, खाली बघ.

करार वाचला. निम्मं भाडं खोडून पूर्ण लिहिलंय आणि तिथं सही केली आहे, तूही कर. कमी भाडं घेणारा मालक दुरुस्तीला उशिरा येतो, आणि तू तर पूर्ण घेऊनही उशिराच येतोस.

तक्रार एक. बोर्डाचं झाकण अजून सैल आहे.

तक्रार दोन. खिडकीला पडदे नाहीत. मालकांकडे केशरी रंगाचे आहेत असं ऐकते. लावायला कारागीर पाठवू नये, मालकांनी स्वतः यावं. स्टूल माझ्याकडे आहे, मी धरेन.

तुझी भाडेकरू,
ताई